फूटपेग आणि नर्फ बार : स्पोर्ट क्वॉडवर पाय टिकवण्याचा इतिहास

स्पोर्ट एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर आणि शर्यतीत चालवायची उघडी चौचाकी, तिलाच क्वॉड म्हणतात. तिच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये लावायचा पाइपांचा सांगाडा म्हणजे नर्फ बार. तो घ्यायला निघालेला माणूस आधी पाइप बघतो : किती जाड, कुठल्या रंगाचा, वजनाला किती. पाइपांच्या मध्ये ताणलेली जाळी आणि टाचेमागचा हील गार्ड यांच्याकडे लक्ष जातं ते शेवटी. खरं तर नर्फ बारवर दोन कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या इतिहासांतून त्याच्याकडे आली आहेत. एक काम पाइप करतो, दुसरं जाळी करते. कोणतं काम कुठून आलं हे कळलं, की निवड बरीच सोपी होते.

पहिला धागा अमेरिकेतल्या गोल ट्रॅकवरच्या शर्यतींचा. तिथल्या मिजेट आणि स्प्रिंट गाड्यांची चाकं उघडी असतात, वर मडगार्ड नाही. ‘नर्फ’ करणं म्हणजे पुढच्याला किंवा शेजारच्याला हलकासा धक्का देणं. उघड्या चाकांच्या गाड्यांत हा धक्का महागात पडतो. फिरत्या चाकाचा मागचा भाग वर जात असतो. मागून येणाऱ्याचं पुढचं चाक त्याला टेकलं, की ते वर उचललं जातं आणि गाडी हवेत जाते. शेजारच्याचं चाक आपल्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मधल्या जागेत घुसलं, तर दोन्ही गाड्या एकमेकींत अडकतात. ही जागा बंद करायला बाजूला पाइप लावायची पद्धत पडली आणि त्याला नर्फ बार हे नाव चिकटलं. क्वॉडचीही चारही चाकं उघडीच, त्यामुळे शर्यती सुरू झाल्यावर पाइप आणि नाव दोन्ही उचलले गेले.

दुसरा धागा तीनचाकींचा, आणि आपल्या विषयाला तो जास्त जवळचा आहे. होंडाने १९७० मध्ये यूएस ९० ही फुग्यासारख्या टायरची तीनचाकी अमेरिकेत आणली. पुढे तिचं नाव एटीसी ९० झालं. १९८१ च्या एटीसी २५०आर ने हेच वाहन टू-स्ट्रोक इंजिन आणि सस्पेन्शनसह शर्यतीत उतरवलं. त्यावर बसणारे बहुतेक जण मोटरसायकलवर शिकलेले होते आणि मोटरसायकलस्वाराच्या अंगात एक सवय मुरलेली असते : गाडी कलली, तोल गेला, की पाय खाली टेकवायचा. मोटरसायकलवर ती सवय वाचवते. तीनचाकीवर टाचेच्या वीतभर मागे रुंद टायर फिरत असतो. पुढे जाणाऱ्या चाकाचा समोरचा भाग वरून खाली येत असतो, त्यामुळे त्याला टेकलेली टाच मागे ढकलली न जाता खाली जमिनीकडे ओढली जाते आणि टायर पोटरीवर चढतो. आपल्याच गाडीखाली आपलाच पाय, असा हा अपघात तीनचाकींच्या काळात पुरेपूर ओळखीचा झाला होता. जाळीचं काम, म्हणजे पाय खाली जाऊ न देणं, इथून आलं.

सुझुकीने १९८३ च्या मॉडेल-वर्षासाठी चार चाकांची एलटी १२५ क्वॉडरनर आणली. मग शर्यतीच्या चौचाकींची रीघ लागली : १९८५ ची सुझुकी एलटी २५०आर, १९८६ ची होंडा टीआरएक्स २५०आर, १९८७ ची यामाहा बॅन्शी. चौथ्या चाकाने उलटण्याचा धोका कमी केला, पण टाच आणि मागचा टायर यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहिलं. १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि उत्पादक यांच्यातल्या न्यायालयीन करारानंतर नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्याच काळात घडत गेलेल्या एटीव्हीच्या अमेरिकी मानकात पायाच्या जागेसाठी स्वतंत्र अट आहे : चालकाचा बूट मागच्या चाकासमोरच्या जमिनीला किंवा चाकाला चुकून लागू नये यासाठी वाहनावर काहीतरी रचना असलीच पाहिजे. पहिली आवृत्ती १९९० ची, आणि २००९ पासून हे मानक तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. युटिलिटी एटीव्हींनी ही अट रुंद फूटबोर्ड देऊन पुरी केली. लोणावळा-पाचगणीला पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्हींवर दिसतं ते हेच फूटबोर्ड. स्पोर्ट मॉडेलवर वजन आणि चिखल नको म्हणून पेग, म्हणजे पाय ठेवायचे आडवे दांडे, ठेवले जातात आणि मागे छोटा प्लास्टिकचा गार्ड येतो. फिरायला जाणाऱ्याला तो पुरतो, उड्या मारणाऱ्याला नाही.

सुटे भाग बनवणाऱ्यांचा धंदा खरा फोफावला तो कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर. टीआरएक्स २५०आर १९८९ नंतर बंद झाली, पण शर्यती चालूच राहिल्या आणि लहान कारखान्यांनी तिच्यासाठी फ्रेमपासून ए-आर्मपर्यंत (पुढची चाकं फ्रेमला जोडणारे त्रिकोणी दांडे) सगळं घडवलं. १९९९ च्या होंडा ४००ईएक्स पासून बाजार पुन्हा उघडला. यामाहा वायएफझेड ४५० आणि होंडा टीआरएक्स ४५०आर या २००४ च्या गाड्यांनी शर्यतीचं यंत्र शोरूममध्ये आणलं. तेव्हापासून नर्फ बार मॉडेलनुसार तयार मिळतो, आणि पहिली चूकही इथेच होते : नावावरून ऑर्डर. वायएफझेड ४५० आणि २००९ ची वायएफझेड ४५०आर यांची नावं एका अक्षराने वेगळी, फ्रेम मात्र पूर्ण वेगळ्या. यामाहाच्याच रॅप्टर ६६० आणि ७०० यांचंही तसंच. टीआरएक्स ४५०आर घेताना २००४-०५ की २००६ नंतरची, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पेग आणि बार यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण बहुतेक बार पेगच्याच बोल्टांवर बसतात : मधला आधार पेगच्या ब्रॅकेटवर, पुढचा ए-आर्मजवळच्या खालच्या पाइपावर, मागचा फ्रेमच्या मागच्या अंगाला. काही संचांत पेग बारलाच जोडलेला येतो आणि मूळचा काढून टाकावा लागतो. अशा संचात पेगची उंची आणि जागा बदलते. पेग इंचभर खाली गेला की उंच माणसाला उभं राहून चालवणं सोपं जातं, पण ब्रेकचं पेडल आणि गिअरचा लिव्हर त्याच मापाने खाली घ्यावा लागतो. तो घेतला नाही, तर पाऊल ब्रेकवर टेकून राहतं आणि मागची डिस्क तापत राहते. बॅन्शी, २५०आर यांसारख्या किकच्या गाड्यांवर उजवा बार बसवल्यावर किक शेवटपर्यंत फिरवून बघायची. लिव्हर पाइपाला किंवा रुंद पेगला अडला, तर तो संच त्या गाडीसाठी नाही.

पेगची रुंदी ५५ मिमीच्या आसपास असली की उडीनंतरचा दाब तळव्यावर पसरतो. दात टोकदार हवेत, पण खरं बघायचं ते दातांच्या मधली जागा. आडव्या पट्ट्या जवळजवळ असतील तर चिखल तिथेच थापला जातो आणि दात असून नसल्यासारखे होतात. स्टीलच्या पेगचे दात झिजले तर कानसीने पुन्हा काढता येतात. ॲल्युमिनियमच्या पेगवर बदलता येणाऱ्या स्टीलच्या पिना हव्यात. पेग जितका लांब, तितकी उतरताना ब्रॅकेटवर तरफ जास्त. शर्यतीत वापरलेली गाडी घेतली असेल, तर दोन्ही पेगांवर एक सरळ पट्टी ठेवून फ्रेमशी समांतर आहे का ते आधी बघावं. एक ब्रॅकेट खाली वाकलेला निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि वाकलेल्या ब्रॅकेटवर कुठलाच बार नीट बसत नाही.

धातूच्या बाबतीत झाडांमध्ये चालवणाऱ्याने स्टील घ्यावं, शक्यतो क्रोमोली (क्रोमियम-मोलिब्डेनमचं मिश्र पोलाद). ते वाकतं आणि बऱ्याचदा सरळही करता येतं. टी६, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं ॲल्युमिनियम हलकं खरं, पण वेल्डजवळच्या पट्ट्यात उष्णतेने त्याची ताकद कमी झालेली असते आणि तडा तिथेच जातो. धुतल्यावर कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघावं.

रुंदीचा हिशेब बरेच जण विसरतात. वायएफझेड ४५०आर सुमारे ४९ इंच रुंद आहे, तर जंगलातल्या अरुंद वाटांसाठीची वायएफझेड ४५०एक्स ४६ इंच. मागचा ॲक्सल रुंद केला की चाकं बाहेर सरकतात, बार मात्र जुन्याच जागी राहतो आणि पहिलं काम, म्हणजे दुसऱ्याच्या चाकाला अडवणं, अर्धवट राहतं. ॲक्सल बदलणार असाल तर आधी ॲक्सल, मग बार. उलट, बारचा बाहेरचा पाइप टायरच्या बाहेरच्या कडेपुढे आला, तर तो झाडाच्या बुंध्यात अडकतो.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे लावून घ्यावेत, एकही आवळू नये. भोकं जुळत नसतील तर बोल्टने ओढून जुळवायचं नाही. तसा ताण दिलेला बार पुढे वेल्डवर तुटतो किंवा फ्रेममधले आटे जातात. फट असेल तिथे वॉशर किंवा स्पेसर द्यावा. आवळायला सुरुवात पेगच्या बोल्टांपासून, मग पुढे आणि मागे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच, नाहीतर ८.८ दर्जाच्या एम८ ला सुमारे २५ आणि एम१० ला सुमारे ४५ न्यूटन-मीटर, निळ्या थ्रेडलॉकरसह (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव). थ्रेडलॉकर नीट सुकल्यावर पहिल्या अर्ध्या तासाच्या फेरीनंतर प्रत्येक बोल्टला पाना लावून बघावा.

मग टायरमधलं अंतर. गाडी उभी असताना दोन बोटं जागा दिसते म्हणून समाधान मानू नये. मागचा शॉक सोडवून स्विंगआर्म (मागचा ॲक्सल धरणारा, वरखाली होणारा दांडा) वरपर्यंत उचलावा आणि पूर्ण प्रवासात हील गार्ड व टायर यांच्यात २५ मिमी तरी राहतात का ते मोजावं. जुनी चेन ताणून लांब झालेली असते, तेव्हा ॲक्सल मागे असतो. नवी चेन टाकली की तो पुढे येतो आणि टायरही. आज न घासणारा टायर दोन महिन्यांनी घासतो तो यामुळे.

शेवटी जाळी. नायलॉनचा पट्टा भिजला की सैल पडतो, उन्हात राहून कडांना पांढरा, खरखरीत होतो. बूट घालून पेगवर उभं राहावं, पाय मुद्दाम मागे सरकवून सगळं वजन जाळीवर टाकावं. टाच जमिनीच्या दिशेने फार खाली गेली किंवा गार्डच्या फटीतून टायरला टेकली, तर पट्टा पुन्हा ओवून ताणावा. ताणायला जागाच उरली नसेल, तर बाजारात फक्त जाळीचा संच वेगळा मिळतो, बार तोच ठेवता येतो.