मत्स्यालयाच्या खोलीतील आर्द्रता व वायुवीजन

घरातील मोठ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातून सतत होणाऱ्या बाष्पीभवनामुळे खोलीत साठणारे बाष्प काढून टाकणे आणि त्याच वेळी टाकीला ताजी हवा मिळत राहील अशी सोय करणे, या दोन्ही बाबी या विषयात येतात. प्रवाळांच्या टाकीतील पाणी सामान्यतः २५ ते २६° से. तापमानाला राखतात, पंपांमुळे त्याचा पृष्ठभाग सतत हलता राहतो आणि टाकी वरून बहुधा उघडीच असते. त्यामुळे १,००० लिटरच्या टाकीतून दिवसाला १० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी उडून जाणे नेहमीचे आहे.

उडून जाते ते केवळ पाणी; मीठ टाकीतच राहते. म्हणून भर घालायची ती क्षारविरहित, आरओ पाण्याची. वरील टाकीत तीन दिवस भर पडली नाही, तर दर हजारी ३५ भाग असलेली क्षारता ३६ च्या वर जाते. भर घालण्याच्या पिंपातून रोज किती लिटर पाणी कमी होते, हाच खोलीवर पडणाऱ्या बाष्पभाराचा सर्वांत भरवशाचा मापक होय. भिंतीवरच्या आर्द्रतामापकाचा आकडा त्यामानाने बराच फसवा असतो, कारण बाष्प मुरते कोठे हे त्यावरून कळत नाही.

२४° से. तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २२ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे ५० घनमीटरच्या खोलीतील पूर्ण कोरडी हवासुद्धा जेमतेम १.१ लिटर पाणी सामावून घेऊ शकते. त्यापुढचे पाणी खिडकीच्या काचांवर, बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत आणि भिंतीला टेकलेल्या कपाटांच्या पाठीमागे उतरते. रंगाचे पोपडे निघतात, चौकटी फुगतात. २४° से. व ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते तो, सुमारे १६° से. असतो. बुरशीला मात्र दव साचेपर्यंतही थांबावे लागत नाही. भिंतीलगतची हवा दीर्घकाळ दमट राहिली तरी तिला पुरते. म्हणून खोलीतील सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात आणि कडक थंडीत त्याहूनही खाली आणतात.

वायुवीजनाचा उपयोग बाहेरच्या हवेतील प्रत्यक्ष बाष्पावर अवलंबून असतो, तिच्या टक्केवारीवर नव्हे. बाहेर ५° से. तापमान व ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत घनमीटरमागे केवळ साडेपाच ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. तासाला सुमारे १०० घनमीटर हवा बदलणारा, आर्द्रता वाढताच आपोआप सुरू होणारा एक्झॉस्ट पंखा १० लिटरचा भार सहज पेलतो. पंख्याने खोलीतील दाब किंचित कमी राहिल्यामुळे दमट हवा घरात इतरत्र शिरत नाही. उलट उष्ण व दमट ऋतूत खिडकी उघडणे म्हणजे बाष्प विकत घेणेच. तेव्हा वातानुकूलन यंत्र किंवा डीह्युमिडिफायर (हवेतील ओलावा काढून घेणारे यंत्र) लावावा लागतो. उष्णता परत मिळवणारी वायुवीजन यंत्रणा बसवायची असल्यास केवळ उष्णतेची देवाणघेवाण करणारी निवडावी, कारण ओलावाही परत आणणारी यंत्रणा थंडीत हेतूच हाणून पाडते.

एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे ०.६८ किलोवॉट-तास इतकी उष्णता लागते. पाण्यावर पंखा सोडला की टाकी थंड होते ती यामुळेच. पण डीह्युमिडिफायर तीच उष्णता, स्वतः वापरलेल्या विजेची भर घालून, खोलीत परत सोडतो. त्यात साचलेले पाणी टाकीत घालू नये, कारण त्यातून तांब्याचा अंश येऊ शकतो आणि तो प्रवाळ, कोळंबी यांसारख्या अपृष्ठवंशीयांना घातक असतो.

काचेचे झाकण बाष्पीभवन रोखते, परंतु उष्णता कोंडते आणि वायुविनिमयही घटवते. त्यामुळे झाकायचेच तर खालची संप टाकी (पाणी गाळण्याची उपकरणे ठेवलेली जोडटाकी) झाकणे अधिक शहाणपणाचे. बंद घरात माणसांच्या श्वासोच्छ्वासामुळे कार्बन डाय-ऑक्साइड साठतो, तो पाण्यात विरघळतो आणि ८.१ ते ८.३ असायला हवा असलेला पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) ७.८ पर्यंत उतरू शकतो. यावर स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातील घाण काढणाऱ्या उपकरणाची) हवा घेणारी नळी खिडकीबाहेर काढतात किंवा ती हवा कार्बन डाय-ऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइममधून गाळून घेतात. बाहेर कीटकनाशकाची फवारणी चालू असताना मात्र नळी आत ओढून घ्यावी लागते.

फुटणाऱ्या बुडबुड्यांतून उडणारे खारट तुषार वाळून मिठाचे पापुद्रे धरतात, आणि दमट हवेत ते ओलावा शोषून विजेच्या जोडण्या गंजवतात. यासाठी विजेचे बोर्ड टाकीच्या वर किंवा संपच्या कपाटात बसवत नाहीत, आणि प्रत्येक वायर प्लगपूर्वी खाली झोळ देऊन नेतात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचण्याआधीच गळून पडते.