इसिसॉरस

इसिसॉरस हा क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे 7 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आजच्या विदर्भात वावरणारा शाकाहारी डायनोसॉर. लांब मानेच्या सरोपॉड गटातील टायटॅनोसॉर शाखेत तो मोडतो. शास्त्रीय नाव इसिसॉरस कोलबर्टी.

भारतातील टायटॅनोसॉरांचा अभ्यास बराच काळ तुटपुंज्या पुराव्यावर चालला. जबलपूरला सापडलेल्या शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लिडेकर यांनी 1877 मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव दिले आणि पुढे जगभरातली कितीतरी हाडे त्याच नावाखाली जमा होत गेली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर मात्र 1984 ते 1986 दरम्यान एकाच प्राण्याचा मोठा सांगाडा मिळाला. मान, पाठ व शेपटीचे मणके, बरगड्या, कंबरेची हाडे, खांदा आणि पुढचा पाय त्यात होते. कवटी आणि मागचे पाय नव्हते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या (आयएसआय) सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हणून केले. पुराजीवशास्त्रज्ञ विल्सन आणि अपचर्च यांनी 2003 मध्ये टायटॅनोसॉरस हे नावच अग्राह्य ठरवले आणि डोंगरगावच्या प्राण्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून इसिसॉरस हे नवे प्रजातिनाम दिले. ‘कोलबर्टी’ ही अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ एडविन कोलबर्ट यांची आठवण.

बांधा विलक्षण होता. सरोपॉड म्हणावा तर मान आखूड, तीही वरच्या दिशेने रोखलेली. पुढचे पाय मात्र चांगलेच लांब.

ही हाडे लॅमेटा शैलसमूहातील आहेत. दख्खनच्या लाव्हाचे थर साचू लागले त्याच सुमाराचे हे खडक. जवळच्या पिजदुरा गावाच्या शिवारात याच खडकांतून दगड झालेली विष्ठा मिळते. तेथे टायटॅनोसॉरांची हाडे विपुल असल्याने ती त्यांचीच मानली जाते, पण नेमक्या कोणत्या टायटॅनोसॉरची, हे विष्ठेवरून ठरत नाही. वनस्पती कुजून गेली तरी तिच्या पेशींत साठलेले सिलिकाचे सूक्ष्म कण टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना या विष्ठेत असे गवताचे कण आढळले. 2005 मध्ये ते प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळात गवत असल्याचा असा पुरावा तोवर हाती नव्हता. अर्थात या प्राण्यांचे पोट गवतावर भरत नसे. त्याच विष्ठेत ताडवर्गीय झाडे, सूचिपर्णी वृक्ष आणि इतर फुलझाडे यांचेही अवशेष आहेत, गवताचा वाटा थोडाच.