विज्ञान-कौशल्यांची अध्ययन क्षती

आलेले कौशल्य सराव तुटल्याने निसटणे, किंवा त्या इयत्तेत यायचे ते मुळात न येणे, या दोन्हींना अध्ययन क्षती म्हणतात. उन्हाळी सुट्टीतली घट जुनीच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार ती सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी भरते. मार्च २०२० नंतर कोविडमुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला.

माध्यमिक विज्ञानात ही क्षती विचित्र असते. व्याख्या पंधरा दिवसांत घोकून भरून काढता येतात. पण मोजपात्रातली पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचणे, कांद्याच्या पापुद्र्यावर हवेचा बुडबुडा न राहू देता काचपट्टी बसवणे, अमीटर एकसरीत आणि व्होल्टमीटर समांतर जोडणे, आलेखाला योग्य प्रमाण निवडणे हे हातालाच शिकावे लागते. मोबाइलवर दुसऱ्याचा प्रयोग पाहून ते येत नाही, पोहण्याचेही तसेच.

मध्य प्रदेशात दहावी-बारावीचे नियमित वर्ग १८ डिसेंबर २०२० ला उघडले आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा थांबले. २०२१ ची दहावीची मंडळ परीक्षा रद्द झाली. इंदूरच्या मराठी घरांत यात आणखी एक पदर होता. शाळा हिंदी माध्यमाची असली, तर वस्तुमानाला तिथे ‘द्रव्यमान’, परीक्षानळीला ‘परखनली’, उष्णतेला ‘ऊष्मा’. एरवी हे शब्द वर्गात रोज कानांवर पडून रुळतात. बंदीत शिकवायला बसलेले आजोबा मराठीतून शिकलेले असतील, तर ‘आम्लारी’ म्हणत. नातवाच्या पुस्तकात त्याच पदार्थाला ‘क्षारक’. दोघेही बरोबर, तरी गाडी अडायची.

मोजमापाची बाजू मात्र लंगडी आहे. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेशासह पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. ९२ टक्के मुलांनी भाषेतली आणि ८२ टक्के मुलांनी गणितातली किमान एक क्षमता गमावल्याचे तीत आढळले. पण ती मुले दुसरी ते सहावीची होती आणि विज्ञान त्यात नव्हतेच. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात आठवी व दहावीचे विज्ञान होते, तेही बहुपर्यायी प्रश्नांतून. उत्तरपत्रिकेतला गोल काळा करून परिपथ जोडता येतो की नाही, हे कळत नाही.

मध्य प्रदेशातच हातचे कौशल्य तपासण्याची रीत होती. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. सहावी ते आठवीची मुले साध्या साहित्याने स्वतः प्रयोग करत आणि नोंदींवरून निष्कर्ष काढत. लेखी परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती, प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी होई. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला.