न उकळलेला काढा

चैत्रात शेजाऱ्यांनी जोतिबाहून दवण्याची जुडी आणून दिली आणि त्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला: 'नोबेल मिळालेला चिनी काढा! दवण्याच्याच कुळातली वनस्पती. यिन-यांगचा समतोल साधते, मलेरियापासून संधिवातापर्यंत सगळ्यावर गुणकारी.' मामींनी लगेच विचारलं, "मग दवण्याचाच चहा करू का रे?"

कुळाचं खरं आहे. दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स आणि चिनी छिंगहाओ म्हणजे आर्टेमिसिया अ‍ॅनुआ, एकमेकींच्या चुलत बहिणी. नोबेलचंही खरं आहे. फक्त ते काढ्याला मिळालेलं नाही.

व्हिएतनाम युद्धात सैनिक गोळ्यांनी मरत होते तसेच मलेरियानेही मरत होते, आणि क्लोरोक्विन हे मलेरियावरचं नेहमीचं औषध लागू पडेनासं झालं होतं. चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्याचं नाव पडलं ५२३. बीजिंगच्या संशोधक तू यूयू त्यात १९६९ मध्ये आल्या. जुन्या पोथ्या आणि वैद्यांकडून त्यांच्या गटाने दोन हजारांवर नुस्खे गोळा केले, अर्क काढून उंदरांवर तपासले. छिंगहाओ कधी चालायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथातली एक ओळ त्यांना खटकली: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजव, पिळ, रस पिऊन टाक. उकळ असं कुठेच नाही! उष्णतेने औषध मरत असेल का, या शंकेने त्यांनी अवघ्या ३५ अंशांना उकळणारं ईथर वापरलं. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले मलेरियाचे सगळे परजीवी संपवले. माणसांना देण्याआधी तूबाईंनी तो अर्क स्वतः पिऊन पाहिला. त्यातून वेगळं केलेलं द्रव्य म्हणजे आर्टेमिसिनिन. नोबेल मिळालं ते याच शोधाला. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ईथरची निवड दुहेरी फळली.

आता माझा आवडता भाग. या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना चिकटून पूल बांधतात. असाच ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध जखम धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये असतो. हा बंध कमकुवत. लोखंड भेटलं की तुटतो. मग इतर पेशींना सोडून हा रेणू परजीवीलाच का मारतो? कारण परजीवी खादाड आहे. तांबड्या रक्तपेशीत शिरून तो हिमोग्लोबिन पचवतो. त्यातून लोखंड असलेलं हीम सुटतं. ते त्यालाही विषारी, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन नेमकं हे स्फटिक होऊ देत नाही. आर्टेमिसिनिनची चाल वेगळी: फेरस अवस्थेतलं लोखंड पुलाला एक इलेक्ट्रॉन देतं, पूल तुटतो, रेणूची आतली मांडणी बदलते आणि कार्बनवर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. एकटा इलेक्ट्रॉन असलेला असा तुकडा, म्हणजे मूलक, हीमला आणि आसपासच्या प्रथिनांना जिथे सापडेल तिथे जखडतं. (रसायनशास्त्र इथे जड झालं असेल तर एवढंच धरा: परजीवी स्वतःच्याच जेवणाने मरतो.)

यात यिन (थंड) नाही, यांग (उष्ण) नाही. चिनी वैद्यक छिंगहाओला 'थंड' म्हणतं. कोणत्या दिशेला पाहायचं ते पोथीने सांगितलं, औषध कोणतं ते उंदरांनी. तसं पाहिलं तर आपल्याकडेही 'उष्ण पडतं' म्हणून आंबा सोडणारे आणि त्याच दमात वीस जडीबुटींचं चूर्ण घेणारे काही कमी नाहीत.

मामींना सांगितलं, दवणा देवाला वाहा. अ‍ॅनुआचाही चहा नको, जागतिक आरोग्य संघटनेचाही त्याला पाठिंबा नाही. त्यात औषध किती उतरेल याचा भरवसा नसतो, आणि अर्धवट डोसातून वाचलेला परजीवी पुढे तेच औषध पचवायला शिकू शकतो. शुद्ध आर्टेमिसिनिनसुद्धा काही तासांत रक्तातून ओसरतं, म्हणून त्याच्या जोडीला जास्त टिकणारं दुसरं औषध देतात. तरीही २००८ च्या सुमारास पश्चिम कंबोडियात रुग्णांचं रक्त परजीवीमुक्त व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागताना दिसू लागला होता.