गेम आर्टला फोटोशॉपच लागतं? नाही हो

किती वर्षं झाली तरी हे फिरतंच आहे, की फोटोशॉप नसेल तर गेमचं आर्ट जमणारच नाही. अहो, गेम इंजिनला (म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो) शेवटी हवी असते पीएनजी, म्हणजे चित्राची साधी फाईल, पारदर्शक बॅकग्राउंडवाली, ती कशात बनवली याच्याशी त्याला काय देणंघेणं! (युनिटी हे गेम इंजिन फोटोशॉपची पीएसडी फाईल पण थेट उचलतं, ते खरंय, पण ती सोय झाली, अट नाही.)

खरा प्रश्न असा की आर्ट कुठल्या टाईपचं आहे. पिक्सेल आर्ट (चौकोनी ठिपक्यांचं चित्र) करायचं तर एसप्राईट (Aseprite) हे सॉफ्टवेअर बघा, ते त्यासाठीच बनवलंय, फ्रेम्स, पॅलेट, स्प्राईटशीट (सगळ्या फ्रेम्स एकाच चित्रात) एक्स्पोर्ट सगळं हाताशी आणि हो, चित्र मोठं करताना नियरेस्ट नेबर ही सेटिंग ठेवा नाहीतर सगळं धुरकट होतं, मग लोक बिचाऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या घालतात 😄

हाताने रंगवायचं असेल तर क्रिता, फुकट आणि ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), त्यात रॅप-अराउंड मोड आहे म्हणजे टाईल (शेजारी शेजारी लावायचा चित्राचा तुकडा) रंगवतानाच कडा जुळतायत का ते दिसतं, मला तर तेवढ्यासाठीच ते आवडतं. आयकॉन, बटणं वगैरे इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये. थ्रीडीला ब्लेंडर आहेच, 2002 पासून ओपन सोर्स.

फोटोशॉप वाईट आहे असं नाही, येत असेल तर खुशाल वापरा.