ब्लॉक बोअरला देण्यापूर्वी : जुन्या बुलेट, जावा, येझदीवाल्यांसाठी

‘एक साइज वाढवून द्या’ असं सांगून ब्लॉक (इंजिनाचा सिलिंडर) आमच्या बोअरिंगच्या काउंटरवर ठेवणारे बरेच असतात. पण मागचा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) कितीचा होता, हे मालकाला ठाऊक नसतं आणि तीनदा हात बदललेल्या गाडीत ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आम्ही आधी ब्लॉक मोजतो, मग बोलतो. यातलं बरंचसं तुम्हाला घरीही तपासता येईल.

ब्लॉक कुठला?

कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी) इंजिनाच्या बुलेटमध्ये ३५० चा मूळ बोअर ७० मिमी आणि ५०० चा ८४ मिमी. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्हींचा ९० मिमी. जुन्या जावा-येझदी २५० चा बोअर ६५, स्ट्रोक ७५. बुलेटच्या ब्लॉकला उजव्या बाजूला पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) वाटा ओतलेल्या असतात. जावा-येझदी टू-स्ट्रोक असल्यामुळे तिथे भिंतीतच पोर्ट (वायू आत-बाहेर जायची भोकं) दिसतात. रंग दिलेला ब्लॉक लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमचा हे कळत नसेल, तर फिनला (बाहेरच्या पात्यांना) चुंबक लावा. बुलेटच्या नंतरच्या काळातल्या लीन बर्न (कमी पेट्रोल जाळणाऱ्या) इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असून आत लोखंडी लायनर (नळी) असतो, म्हणून चुंबक बाहेरून लावायचा. फिनवरच्या ओतीव अक्षरांवरून साइज ठरवू नका. ती फाउंड्रीची खूण असते. मागच्या कारागिराने गॅस्केटच्या जागेजवळ पंच केलेला आकडा सापडला, तर त्याचा उपयोग होतो, पण त्यावरही डोळे झाकून विश्वास नको.

बुलेटचा ब्लॉक उतरवताना टॅपेटच्या (पुशरॉड उचलणाऱ्या भागाच्या) झाकणाआडचे नट विसरू नका. ते तसेच ठेवून हातोडा मारला की ब्लॉकच तडकतो.

झीज कुठे असते

ब्लॉक सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर पोहोचतो तिथे उष्णता आणि दाब सर्वाधिक, तेलाचा थर मात्र सर्वांत पातळ. म्हणून पिस्टनची वरची रिंग जिथून मागे फिरते तिथे झीज जास्त. शिवाय पिस्टनचा रेटा गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, म्हणजे गाडीच्या पुढे-मागे पडतो, त्यामुळे भोक लंबगोल होतं. म्हणून वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी पिनच्या दिशेने आणि तिला काटकोनात, अशी एकूण सहा मापं घेतो. निर्णय सर्वांत मोठ्या मापावर होतो.

अगदी वरच्या काठाशी, रिंग पोहोचत नाही तिथे, नखाला अडेल अशी कड असते. ती कड आणि तळाचा न झिजलेला भाग मोजला की मागचा बोअर कितीचा होता ते कळतं. व्हर्नियरने हे नीट जमत नाही. त्याचे जबडे फक्त तोंडाशी पोहोचतात आणि ज्या भागाची खरी भीती असते तो राहूनच जातो. आम्ही मायक्रोमीटरवर सेट केलेला डायल बोअर गेज (भोकाचा व्यास आतून मोजणारं उपकरण) वापरतो. उन्हातून आणलेला ब्लॉक लगेच मोजत नाही. २० अंशांच्या फरकाने ७० मिमीचा बोअर सुमारे दीड शतांश मिमी मोठा भरतो.

घरी बोअर गेज नसेल तर रिंग आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पुरेसा आहे. रिंग ब्लॉकमध्ये तळाशी ठेवा, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग वर झिजलेल्या भागात बसवून पुन्हा मोजा. फरकाला ३.१४ ने भागलं की व्यासातला फरक मिळतो. खाली ०.३५ आणि वर ०.८० आलं, तर वरचा भाग साधारण ०.१४ मिमीने मोठा आहे. नव्या रिंग टाकून अशा ब्लॉकचा धूर थांबणार नाही. पैसे वाया जातील.

आधी मोजणी, मग पिस्टन, शेवटी बोअर

समजा सर्वांत मोठं माप ७०.३० आलं. ०.२५ ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठा) पिस्टन इथे चालणार नाही, ०.५० च लागेल. ७०.२२ आलं तरी आम्ही ०.२५ सहसा सुचवत नाही. ओरखडे आणि लंबगोलपणा काढून होनिंगलाही (शेवटच्या बारीक घासकामालाही) थोडं लोखंड उरलं पाहिजे. पिस्टनवर ०.५० आहे की .०२० हेही बघा. पहिलं मिलिमीटरमध्ये, दुसरं इंचात, आणि दोन्ही जवळजवळ सारखेच.

साइज ठरली की पिस्टन रिंगसह आणून द्या. पिस्टन हातात आल्याशिवाय आम्ही मशीन लावत नाही. बोअर खोक्यावरच्या आकड्याला नाही, प्रत्यक्ष पिस्टनला जुळवायचा असतो. पिस्टन आम्ही स्कर्टवर (खालच्या भागावर), पिनच्या काटकोनात मोजतो. माथा मुद्दामच लहान ठेवलेला असतो. पिस्टन आणि भिंतीमधली फट पिस्टन बनवणाऱ्याने सांगितली असेल तितकीच ठेवतो. ‘थोडा टाइट ठेवा, जास्त टिकेल’ ही विनंती कृपया करू नका, गाडी सीझ होते, म्हणजे पिस्टन अडकतो.

जावा-येझदीच्या ब्लॉकमध्ये बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा मोडाव्याच (त्यांची धार घालवावीच) लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. हे काम मजुरीत धरलेलं आहे. शेवटच्या साइजच्याही पुढे गेलेल्या ब्लॉकला लायनर बसवता येतो. खर्च जास्त, पण मूळ ब्लॉक राहतो, आणि आमच्या मते अनोळखी ठिकाणच्या नव्या ब्लॉकपेक्षा ते बरं.

ब्लॉक नेताना मोजणीची चिठ्ठी मागून घ्या आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.