शेंगदाण्यांची साठवण

शेंगदाण्यांची साठवण म्हणजे घरात आणलेले दाणे सादळू न देता, खवट होऊ न देता, कीड आणि बुरशीपासून सांभाळून संपेपर्यंत खाण्याजोगे ठेवणं. कोरड्या हवेच्या गावात डब्याला झाकण लावलं की काम झालं, पण ठाणे आणि नवी मुंबईत, खाडीच्या दोन्ही अंगांना, वर्षातले निदान चार महिने हवाच दाण्यांच्या मुळावर उठलेली असते. जून ते सप्टेंबर दमटपणा बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर आणि तापमान २५ ते ३० डिग्रीच्या आसपास, म्हणजे बुरशीला जे हवं अगदी तेच. आणि नेमका ह्याच दिवसांत आपल्याकडे दाणा सगळ्यात जास्त लागतो, आषाढी एकादशी, मग श्रावणी सोमवार, चतुर्थ्या, पुढे नवरात्र, खिचडी झाली, भगरीबरोबरची दाण्याची आमटी झाली, लाडू झाले, आणि कूट तर काय रोजच्या कोशिंबिरीतही पडतंच.

त्यात अजून एक गोष्ट आहे जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. खरिपाचा भुईमूग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास निघतो, त्यामुळे श्रावणात दुकानातून आणलेला दाणा बऱ्याचदा नऊ-दहा महिने जुना असतो, उन्हाळी पिकाचा मे-जूनमधे आलेला माल मिळाला तर तो त्यातल्या त्यात ताजा. म्हणजे जुना दाणा, ओली हवा आणि सणांसाठी भरून ठेवलेला डबा, तिन्ही एकदम जुळून येतं. म्हणून ह्या भागात दाणे ही वर्षाचं भरायची वस्तूच नाही असं धरून चालावं. तांदूळ भरा, डाळी भरा, पण दाणे पावसाळ्यात चार माणसांच्या घरात किलोभर पुरे, संपले की परत आणायचे. वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात किंवा ठाण्यात जांभळी नाक्याला दहा किलो घेतले की स्वस्त पडतात हे खरं, पण त्यातले तीन किलो खवट निघाले तर तो स्वस्तपणा कुठे राहिला? त्यापेक्षा बिल्डिंगमधल्या तिघी-चौघींनी मिळून घ्यावे आणि वाटून टाकावेत.

बिघाड तीन प्रकारचा

दाणे "खराब झाले" असं आपण सरसकट म्हणतो पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींना एकच उपाय लावला की घोळ होतो.

पहिलं सादळणं. दाण्याने हवेतलं पाणी ओढलं, कुरकुरीतपणा गेला, चावला की रबरासारखा दबतो. हे वाईट दिसतं पण नुसतं सादळण्यात धोका नाही, मंद आचेवर पुन्हा परतला की दाणा ताळ्यावर येतो. मात्र सादळलेला दाणा तसाच डब्यात राहिला तर पुढच्या दोन्ही गोष्टींची सुरुवात तिथेच होते. साठवायच्या दाण्यात पाण्याचं प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं मानतात, आणि आजूबाजूच्या हवेचा दमटपणा ७० टक्क्यांपलीकडे गेला की उघडा दाणा हळूहळू ती मर्यादा ओलांडतो. जुलैमधे आपल्या किचनमधली हवा कुठे असते ते वर सांगितलंच.

दुसरा खवटपणा. शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं आणि त्यातला बराचसा भाग असंपृक्त स्निग्धाम्लांचा, मुख्यतः ओलेइक आणि लिनोलेइक. हवेतला ऑक्सिजन ह्या तेलाशी जोडला जातो, लिनोलेइकशी जास्त वेगाने, आणि त्यातून जे छोटे छोटे तुकडे तयार होतात त्यांचाच तो जुन्या तेलाच्या बुधलीसारखा वास. उष्णता, उजेड आणि हवा तिघांनी हे काम वाढतं, ढोबळ हिशोबाने दर १० डिग्रीला वेग दुप्पट होतो. जिवंत अखंड दाण्यात तेल पेशींच्या आत बंद असतं म्हणून तो टिकतो, भाजला की त्या भिंती तडकतात, कूट केलं की तर सगळं तेल उघड्यावरच आलं. म्हणून टिकण्याचा क्रम कायम हाच राहणार: शेंगेतला दाणा सगळ्यात जास्त, मग कच्चा सोललेला, मग भाजलेला, आणि सगळ्यात कमी कूट. ओलेइकचं प्रमाण जास्त असलेल्या गिरनार ४ आणि गिरनार ५ अशा जाती भारतात काढल्या गेल्यात त्या ह्याच कारणाने जास्त टिकतात, पण वाण्याकडे जाडा, स्पॅनिश, घुंगरू अशी नावं चालतात, त्यावरून ते काही कळत नाही.

तिसरी बुरशी, आणि इथे मात्र अजिबात चालढकल नको. अॅस्परजिलस फ्लेवस आणि अॅस्परजिलस पॅरासिटिकस ह्या बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. १९६० साली इंग्लंडमधे लाखभर टर्की पक्षी अचानक मेले, कारण काही कळेना, शेवटी धागा लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीशी आणि तिथून ह्या विषाचा शोध लागला. आपल्याकडे १९७४ मधे गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन लोकांना कावीळ झाली, त्यात शंभरावर माणसं गेली. तो मका होता पण विष हेच. त्यातला बी१ हा प्रकार यकृताच्या कॅन्सरला कारण ठरतो, आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांना तो धोका कितीतरी पट वाढतो. भारतात अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयने थेट खायच्या दाण्यांसाठी किलोमागे १० मायक्रोग्रॅम आणि पुढे प्रक्रिया व्हायच्या दाण्यांसाठी १५ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठेवली आहे.

"भाजले की सगळं मरतं" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. बुरशी मरते, विष मरत नाही. भाजल्याने ते थोडं कमी होतं पण जायला २५० डिग्रीच्या आसपासची उष्णता लागते, तेवढ्यात दाण्याचा कोळसा होईल. खिचडीत उकळा, चटणीत वाटा, तळा, ते राहतंच. घाण्यावर स्वतःचे दाणे नेऊन तेल काढून घेण्याची पद्धत आता ठाण्यात, नेरूळ-वाशीकडे परत बरीच सुरू झाली आहे, त्यांनीही हे लक्षात ठेवावं, रिफाइंड तेलात शुद्धीकरणाच्या वेळी हे विष बहुतेक निघून जातं पण घाण्याच्या तेलात खराब दाण्यातलं थोडंफार उतरतं, तेव्हा निवडल्याशिवाय दाणे घाण्यात घालूच नयेत.

ओळखायचं कसं

मूठभर दाणे पांढऱ्या ताटात पसरा, उजेडात, ट्यूबलाइटखाली नको, खिडकीशी. चांगला दाणा भरलेला असतो, साल त्याला घट्ट बसलेली, रंग साधारण सगळ्यांचा एकसारखा. सुरकुतलेले, चपटे, काळपट किंवा पिवळट डाग पडलेले, कीड लागलेले, फुटके असे वेगळे काढायचे. हे नुसतं दिसायला नाही हं, अफ्लाटॉक्सिन सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत भरपूर असतं आणि ते दाणे बहुतेक ह्याच सुरकुतलेल्या-डागाळलेल्यांत सापडतात, म्हणून आजी मांडीवर सूप घेऊन दाणे निवडायची ते आजच्या मशीननी करायच्या सॉर्टिंगइतकंच शास्त्रशुद्ध काम होतं.

मग त्यातले पाच-सहा चांगले दिसणारे दाणे घ्या आणि अंगठ्याच्या नखाने दोन डाळिंब्या वेगळ्या करा. बुरशी बऱ्याचदा बाहेर दिसतच नाही, दोन डाळिंब्यांच्या मधे जी छोटी पोकळी असते तिथे बसलेली असते, करडी किंवा हिरवट-पिवळी पूड, कधी पांढरा कापसासारखा तंतू. आतला भाग हस्तिदंती हवा. पिवळट-तपकिरी आणि तेलकट चमकत असेल तर तो खवटपणाकडे निघालाय.

वास घ्यायचा तो डबा उघडल्या उघडल्या, पहिला श्वास खरा, नंतर नाकाला सवय होते. ताज्या कच्च्या दाण्याला हलका मातकट, हिरव्या वाटाण्याच्या जवळचा वास असतो. तेलकट उग्र आला तर खवट, आणि कुबट, बंद खोलीचा आला तर बुरशी. चव शेवटी घ्यायची आणि तीही डोळा आणि नाक पास झाल्यावरच. जिभेवर आधी गोडसर लागून मग मागे कडू आणि घशाला खरखर होत असेल तर खवट आहे, थुंकून टाका. फक्त एक, दाण्याच्या टोकाला जो छोटा कोंब असतो तो मुळातच जरा कडवट असतो, तेवढ्यावरून डबा फेकू नका, कोंब काढून डाळिंबी चावून बघा.

आता कठीण गोष्ट: अफ्लाटॉक्सिनला स्वतःला ना वास, ना चव, ना रंग. खात्री लॅबमधेच होते. घरी आपण फक्त शक्यता कमी करू शकतो, म्हणून सुटा एखादा सुरकुतलेला दाणा काढून बाकीचे वापरले तरी चालेल, पण पिशवीत बुरशीची पूड दिसली, कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटून गोळे झालेले दिसले तर सगळी पिशवी गेली असं समजायचं. दुकानदाराला दाखवा, नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर बहुतेक बदलून देतात.

जाळी आणि अळ्या दिसल्या तर तो पतंगाचा प्रकार. पीठकिडे भुग्यात आणि फुटक्या दाण्यांत वाढतात म्हणून चाळून भरलेला डबा जास्त टिकतो.

ठेवायचं कुठे

स्टीलचा पारंपरिक डबा दिसायला छान पण त्याचं झाकण हवाबंद नसतं. रबरी रिंग असलेली बरणी, किंवा घट्ट क्लिपचा डबा घ्यावा, आणि तो काठोकाठ भरावा, अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा. संपत आले की लहान डब्यात काढा. काचेची बरणी खिडकीत मांडून ठेवणं फोटोपुरतं ठीक, उजेडाने तेल बिघडतं. गॅसच्या शेजारचा कप्पा गरम, सिंकच्या खालचा ओला, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचं कपाट पावसाळ्यात घाम गाळतं, आणि वरच्या मजल्यावरचा माळा मे महिन्यात भट्टी होतो, राहिला तो किचनमधला आतल्या भिंतीचा मधला कप्पा.

मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडयांबरोबर दाण्यांना ऊन दाखवायची पद्धत चांगलीच आहे, पण दोन-तीन तास बास, दिवसभर नको. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, कोमट दाणे भरले की झाकणाला आतून पाणी सुटतं. भाजलेल्यांचंही तेच.

फ्रिज हा ह्या भागातला सगळ्यात भरवशाचा उपाय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. कच्चे निवडलेले दाणे बाहेर पावसाळ्यात महिनाभर, फ्रिजमधे पाच-सहा महिने, फ्रीझरमधे वर्षभर सहज राहतात. भाजलेले बाहेर दोन आठवडे, कूट बाहेर आठवडाभर आणि फ्रिजमधे महिनाभर, असा अंदाज धरावा. डबा मात्र घट्टच हवा कारण तेल वास फार पटकन धरतं, कापलेला कांदा किंवा सुकटीचं पाकीट शेजारी असलं की दाण्यांना तो वास लागलाच. ह्याच कारणाने डाळी-तांदळात घालतात तसं वेखंड, कापूर दाण्यांत घालू नये, आणि बोरिक पावडर तर विषारीच, तीही नको. फ्रिजमधून काढलेला मोठा डबा बाहेर उघडा ठेवायचा नाही, बाहेरची दमट हवा गार दाण्यांवर बसते आणि पाणी होतं, तर आठवड्याला पुरतील एवढे लहान बरणीत काढून मोठा डबा लगेच परत आत.

ठाण्यात तलावपाळीला मिळणारे गरम खारे दाणे पुडीतच संपवायचे असतात, ते साठवायच्या भानगडीत पडू नये. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओल्या शेंगा तर भाजीसारख्याच समजा, धुतल्या तर नीट पुसून फ्रिजमधे आणि चार दिवसांत संपवायच्या, उकडलेल्या शेंगा त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी बुळबुळीत लागल्या की टाका.

खराब झालेल्यांचं काय

नुसते खवट असतील तर लसूण-तिखट घालून चटणीत खपवायची सवय आहे अनेक घरांत. करू नये, लसूण चव झाकतो पण बिघडलेलं तेल पोटात जातंच आणि अॅसिडिटी, मळमळ होते. बुरशीवाले दाणे कबुतरांना, खारींना, सोसायटीच्या कुत्र्यांना घालू नयेत, पक्षी आणि कुत्रे ह्या विषाला माणसापेक्षा लवकर बळी पडतात. गाईम्हशींनाही नको, जनावराने खाल्लेल्या बी१चं शरीरात एम१ ह्या दुसऱ्या प्रकारात रूपांतर होतं आणि ते दुधात उतरतं, दुधासाठी त्याची मर्यादा वेगळी ठरवलेली आहे, किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. असे दाणे हाताने चोळून किंवा फुंकून साफ करत बसायचं नाही, धूळ नाकात जाते, कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकायचे, आणि ज्या डब्यात होते तो गरम पाण्याने साबण लावून धुवून, उन्हात कडकडीत वाळवूनच पुढचे दाणे त्यात भरायचे.